डोलकाठीवरून काही दिसत नाही

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही! सकाळी सातपासून दहापर्यंत डोलकाठीवर बसलो. पाठ भाजून निघाली. खाली सहा कोरियन पोरं-पोरी पायात रबरी पंखे घालून तयार. दर पाच मिनिटांनी वर बघणार. माझ्याकडे असं बघतात की जणू मासा मीच खिशात घालून बसलोय.

मिन्यो सुकाणूवरून ओरडला, "मानोय, झोप लागली का वर? उशी पाठवू?"

बायकोचा धाकटा भाऊ; मानोय म्हणजे दादा. होडी त्याची, तांडेल तो. एरवी हसलो असतो.

परत आलो तेव्हा धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं — कादोयच्या होडीला दोन. ‘सान विसेंते’ला एक. आमच्यापुढे रिकामी जागा. त्याच समुद्रात, त्याच वेळी, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर त्या होडीच्या टेहळ्याने, कादोयने, दोन पाहिले.

एकवीस वर्षं टेहळ्या आहे मी. बुटांडिंग, होडीएवढा तो ठिपकेदार मासा, पाण्याखाली दोन पुरुष खोल असला तरी मला सावली कळायची. ढगाची सावली वेगळी, त्याची वेगळी. त्याची चालते.

९ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा नाही. कादोयला एक.

११ फेब्रुवारी, सोमवार

लिहू की नको असं चाललंय. वहीला सांगायला काय हरकत आहे? ती कुणाला जाऊन सांगणार!

माझे डोळे जात आहेत.

लिहिलं एकदाचं.

या हंगामात एकच पाहिलाय, जानेवारीच्या दोन तारखेला, आणि तोही शेपटीचा तुकडा. त्यानंतर रोज निळं पाणी, नुसतं निळं. बाकी सगळ्यांना दिसतोय. मग चूक कुठे आहे?

आज सकाळी चर्चसमोर उभा राहून दारावरची दगडात कोरलेली ओळ वाचून पाहिली. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. सगळी वाचली. मग लक्षात आलं — ही ओळ मला लहानपणापासून पाठ आहे. दिसली की आठवली, कसं कळायचं?

तेवढ्यात बायको, कोन्सिंग, मासळीबाजारातून टोपली घेऊन आली. "आत जायला पाय उचलत नाहीत, आणि दाराची काय पारायणं चाललीत?" म्हणाली.

तिला नाही सांगितलं. जेवताना माशाचा काटा घशात अडकला. ताटातला काटा दिसला नाही! भाताचा गोळा गिळून उतरवला. ती पाठीवर थापट्या मारत होती आणि मी मनात म्हणत होतो, बघ, आता काटेही दिसेनासे झाले.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

रोवेना दुपारी घरी आली. नगरपालिकेच्या पर्यटन खात्यात लागल्यापासून आमची लेक घरीही कागद घेऊनच येते. नवीन माहितीपत्रक करायचंय. बाकावानमध्ये काय काय बघाल — वटवाघळांची गुहा, तीन टप्प्यांचा धबधबा, दगडी चर्च, चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला बुरूज, काजव्यांची नदी. फोटो मांडून बसली होती. आईला विचारते, "नानाय, धबधबा आधी की बुरूज?"

कोन्सिंग म्हणाली, "जेवण आधी."

सगळ्यात वर मात्र बुटांडिंगच. पानभर फोटो. मासा अंगावर ठिपके लेऊन तोंड उघडून येतोय. खाली एक चौकोन मोकळा ठेवलेला.

"तातय, या हंगामात तुमच्या होडीला आतापर्यंत किती दिसले? सगळ्या होड्यांचे घेतलेत. तुमचेच राहिलेत."

"तेरा," मी म्हटलं.

कुठून आले हे तेरा? तोंडातून निघाले. तिने वरही पाहिलं नाही, लिहून घेतले. "छान," म्हणाली, "कादोयकाकांचे अठरा आहेत."

१७ फेब्रुवारी, रविवार

मासा नाही म्हणून पाहुण्यांना गुहेत नेलं. मनिलाचं कुटुंब, सगळे तोंड पाडून बसलेले. आत शिरल्यावर मिन्योने राजकन्येची गोष्ट सुरू केली — ती दर्यावर्द्याच्या प्रेमात पडली, बापाने तिला इथे कोंडलं, छतावरून ठिबकतं ते पाणी म्हणजे तिचे अश्रू. असली राजकन्या आमच्या गावात कधी नव्हती. गेल्या वर्षी तो हीच गोष्ट सांगताना तिला कोळ्याची पोर करायचा.

त्या कुटुंबातल्या आजीबाईंनी डोळे पुसले! मिन्यो बाहेर आल्यावर शिट्टी वाजवत माडाला टेकला.

किती सहज बोलतो हा. जिभेला हाड नाही. आणि लोक खूश होऊन जातात.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज केलं.

साडेनऊ वाजले होते. आठ पाहुणे. एक उंच जर्मन माणूस एकटाच आलेला, सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता. कादोयची होडी लांब थांबलेली, तिथून आरडाओरडा ऐकू आला, माणसं पाण्यात उड्या टाकताना दिसली. खाली मिन्यो काही बोलला नाही. ते जास्त लागलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मी हात लांब करून ओरडलो — "बुटांडिंग! उजवीकडे! जा, जा, जा!"

सगळे धडाधड पाण्यात. पाण्यात उतरून पाहुण्यांना नेणारी आमची ग्लोरी सगळ्यांच्या पुढे. मी वर काठीला मिठी मारून बसलो. छाती अशी धडधडत होती की काठी हलतेय असं वाटलं. आता सगळे वर येतील, आता शिव्या देतील...

जर्मन आधी वर आला. तोंडातली नळी ओढून काढली आणि लहान पोरासारखा ओरडला, "पाहिला! मी पाहिला!" होडीत चढून त्याने मला खाली बोलावलं, ओल्या अंगाने मिठी मारली. रडत होता.

काय पाहिलं त्याने? ग्लोरीची सावली? स्वतःची?

की खरंच होता? मी न बघता ओरडलो आणि तो खरंच होता — असं होऊ शकतं ना?

ग्लोरी सगळ्यात शेवटी वर आली. केस पिळत माझ्याकडे पाहत राहिली. "मला नाही दिसला, मानोय," एवढंच म्हणाली.

"खाली गेला लगेच," मी म्हटलं.

फळ्यावर एक लिहिला. खडू मोडला.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आता जमायला लागलंय. एका फेरीत एकदाच ओरडायचं. ऊन डोक्यावर असताना नाही, पाणी काचेसारखं असतं. थोडा वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या आल्या की ओरडायचं. मग म्हणायचं — पाणी गढूळ होतं, खाली गेला, घाबरला. दहातल्या दोघांना तरी दिसतोच! बाकीचे त्या दोघांकडे हेव्याने बघतात.

मिन्यो खुशीत आहे. काल माझ्यासाठी भाजलेलं डुक्कर आणलं पानात बांधून. पान तसंच बाजूला सरकवलं. कोन्सिंग म्हणाली, "पोट बिघडलंय का?" म्हटलं, हो.

६ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, म्हणून चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. रांगेत पुढे कादोय होता. काळा चष्मा लावलेला, चर्चमध्येसुद्धा! पाद्रीबाबांनी तो काढायला लावला तेव्हा डोळे लाल दिसले. वारा लागला असेल.

बाहेर आल्यावर पायरीवर थांबला. "काल किती?"

"दोन. तुला?"

"तीन."

दोघांच्या कपाळाला राख. त्याने मान डोलावली, मीही डोलावली, आणि आपापल्या वाटेने गेलो.

घरी येऊन आरशात पाहिलं. बुबुळावर पांढरं काही दिसत नाही. पण दिसणार कसं — बघायचं त्याच डोळ्यांनी!

१९ मार्च, मंगळवार

अक्षर कसंही येतंय.

आज एक बाई होत्या होडीत. डोन्या अडेलेडा. इलोइलोच्या, शाळेत शिकवायच्या, आता सत्तरीच्या. मुलगा बरोबर. निघताना मला म्हणाल्या, "चौतीस वर्षं मुलांना या माशाचं चित्र काढून दाखवलं. शेपटी नेहमी चुकायची. एकदा खरा बघून घेते, म्हणजे मेल्यावर वर विचारलं तर नीट सांगता येईल." सगळे हसले. मीही.

भूशिराच्या टोकाला आलो. तिथे पाण्याला ओढ असते, मला माहीत आहे. एकवीस वर्षं माहीत आहे. पण तिथेच सुरकुत्या होत्या पाण्यावर. आणि मला त्या बाईंना दाखवायचाच होता — आता हे लिहितानाही हसू येतंय, काय दाखवणार होतो मी?

ओरडलो.

मुलाने हात धरायच्या आधीच बाईंनी उडी मारली. मी वरून बघतोय — पांढरं डोकं एकदम बाजूला गेलं, ग्लोरीपासून लांब, होडीच्या कडेच्या उलांडीपासून लांब. पाणी नेतंय तिकडे. ते मला दिसलं! ते मात्र अगदी स्वच्छ दिसलं. ग्लोरीने पोहत जाऊन धरलं. मिन्योने यंत्र बंद करून दोर फेकला. वर घेतलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मुलगा "मा, मा" करत गुडघ्यांवर बसलेला. ग्लोरीने कुशीवर वळवलं, पाठीत मारलं, तोंडातून पाणी आलं. एकदा, दोनदा. मग खोकला. खोकत राहिल्या. असा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी डोलकाठीवरून उतरलो होतो. बाईंनी डोळे उघडले, माझाच हात धरला.

"मला नाही हो दिसला," म्हणाल्या. "पण होता ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"होता," मी म्हटलं.

२० मार्च, बुधवार

डोलकाठीवर चढलो नाही. मिन्यो म्हणाला, "कालचं विसरा. दर्या आहे, व्हायचंच. चढा."

तेव्हा सांगितलं. पाहुणे यायचे होते, धक्क्यावर मी, मिन्यो, ग्लोरी, तिघंच. मला दिसत नाही, म्हटलं. डोळे गेले. जानेवारीपासून एकही पाहिलेला नाही. जितके ओरडलो ते सगळे खोटे.

मिन्यो दोराची गुंडाळी हातात धरून उभा. मग ती माझ्या अंगावर फेकली. "बाई मेली असती! माझ्या होडीवरून! मग काय सांगितलं असतंत — राजकन्या घेऊन गेली?"

मी दोर उचलून पुन्हा गुंडाळायला लागलो.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"तिला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. आज सांगा." मग आवाज उतरला. "दिसत नाही म्हणजे... मी दिसतोय ना?"

"तू दिसतोस. तुझं टक्कलही दिसतं."

हसला नाही.

ग्लोरी म्हणाली, "मी बसते वर." आणि चढलीसुद्धा. मी खाली पाहुण्यांना जाकिटं बांधून दिली. तीन तास फिरलो. तिलाही काही दिसलं नाही. नवीन आहे. सावली ओळखायला वर्षं जातात.

कोन्सिंगला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. पातेलं खाली ठेवलं, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ दोन्ही डोळ्यांत बघत बसली. "मला तर ठीक दिसतायत," म्हणाली. मग रडली.

२१ मार्च, गुरुवार

बाई उतरल्या होत्या त्या लॉजवर गेलो. व्हरांड्यात शालीत गुंडाळून बसलेल्या, समोर आल्याचा चहा. मुलगा मला बघून उठला, हात जोडून आभार मानायला लागला! माझ्याने ते सोसवेना. उभ्यानेच सांगून टाकलं. मासा नव्हता. मला दिसत नाही. मी खोटं बोललो, दोनदा.

मुलाची मूठ वळली. बाईंनी त्याला हातानेच बसवलं.

चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाल्या, "‘होता’ म्हणणारा माणूस मला आवडला होता. तू आला नसतास तर बरं झालं असतं."

जावं की थांबावं कळेना.

"शाळेत असतास तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या," त्या म्हणाल्या. "आता या वयात काय शिक्षा करायची? चल, आमची बस दुपारी आहे. तोवर तुमचा तो बुरूज दाखव. तो तरी जागेवर आहे ना?"

नेलं. मुलगा दहा पावलं मागे, रागाने. बुरुजाच्या दगडांत पिंपळासारखं झाड उगवलंय, मुळांनी अर्धी भिंत धरून ठेवली आहे. बाई पायरीवर बसल्या. मग एकाएकी म्हणाल्या, "इकडे बघ. माझे दोन्ही डोळे कापून झालेत. मोतीबिंदू. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सुनेच्या तोंडावरचे डाग दिसायला लागले. तू डॉक्टरकडे गेलास का?"

नाही म्हटलं.

"गाढवा!" म्हणाल्या. "लोकांना बुडवण्याआधी तेवढं तरी करायचं होतं."

दहा मिनिटांचं काम! घरी येताना एकसारखं तेच मनात. दहा मिनिटं, आणि पुन्हा वर बसेन. पुन्हा सावल्या चालताना दिसतील.

२५ मार्च, सोमवार

रोवेनाला सांगितलं. तिच्या कचेरीत जाऊन, म्हणजे घरी तिच्या आईसमोर नको. टेबलावर माहितीपत्रकांचे गठ्ठे. नवीन शाईचा वास.

"तेरा नाहीत गं. एक."

तिने दार लावून घेतलं. "तातय, हे छापून झालंय. राज्यपालांच्या कचेरीत गेलंय. ‘एकशे चाळीस वेळा दर्शन’ असं मोठ्या अक्षरात आहे वर!"

"त्यातले बारा कमी कर."

"कमी कर? भाजी आहे का ती?" मग कपाळाला हात लावून बसली. "निदान बाकीच्या होड्यांचे तरी खरे आहेत. बाराने काही बिघडत नाही. कुणाला बोलू नका."

"मी डोळे दाखवायला शहरात चाललोय, पुढच्या सोमवारी."

तेव्हा वर पाहिलं तिने. ऑफिसातली बाई गेली, माझी पोर राहिली. "दुखतायत?"

"नाही," म्हटलं, "तेच तर. काहीच होत नाही त्यांना."

१ एप्रिल, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाकावर बसून लिहितोय. कोन्सिंग यायचं म्हणत होती, नको म्हटलं. येताना बसमधून ज्वालामुखीचं टोक दिसलं, त्यावर धुराची रेघ. दिसली, असं वाटतंय. आता कशावर विश्वास ठेवू!

आत शिरलो तर बाकावर काळा चष्मा लावून कोण बसलंय? कादोय!

दोघेही दचकलो. तो म्हणाला, "बायकोला आणलंय."

"कुठे आहे?"

इकडेतिकडे पाहिलं त्याने, जणू बायको खरंच कुठेतरी सांडली असावी. पंखा फिरत होता. नर्सने दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं.

"पिलो," पहिल्यांदाच माझं नाव घेत तो समोर बघतच म्हणाला, "डिसेंबरपासून एकही नाही. एकसुद्धा."

"तू तर अठरा म्हणालास!"

"फळ्यावर तुमचे आकडे बघायचो. सगळ्यांना दिसतोय, मलाच नाही. मग काय शून्य लिहू? कादोय आंधळा झाला असं म्हणू देऊ?" चष्मा काढला. डोळे चोळून चोळून लाल झालेले. "तुझे तेरा ऐकले तेव्हा तीन दिवस जेवलो नाही."

मी त्याला माझं सांगितलं. सगळं, बाईंचंसुद्धा. आधी तो नुसता बघत राहिला. मग हसायला लागला, मलाही आवरेना. दोन म्हातारे, एकाच गावचे, एकाच हंगामात दोघांचे डोळे एकदम गेले! नर्सने गप्प बसायला सांगितलं. किती हलकं वाटलं काय सांगू. एकवीस वर्षांत या माणसाच्या शेजारी कधी बसलो नव्हतो. दोघांनी मिळून ठरवलं — डोळे कापायचे तर एकाच दिवशी, म्हणजे बसला सोबत होईल.

आत्ता औषधाचे थेंब घातलेत. ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. थांबतो.

२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं, कारण मी विश्वास ठेवेना. मोतीबिंदू नाही. काहीच नाही. जवळचं वाचायला चष्मा लागेल, तो वयाचा. लांबची नजर — "तुमच्या वयात असे डोळे मी क्वचित बघते," म्हणाल्या, आणि हसून पाठ थोपटली.

कादोयचेही तसेच.

परतीच्या बसमध्ये शेजारी बसलो. घाट उतरताना समुद्र दिसायला लागला तसा त्याने पडदा ओढून घेतला. बोटांवर हिशेब करत म्हणाला, "एकशे चाळीसातून तुझे तेरा, माझे अठरा गेले. बाकीच्यांचे एकशे नऊ तरी खरे असतील?"

मी पडद्याची कड उचलून बाहेर पाहिलं — निळं पाणी, नुसतं निळं.